एआय एजंटांची लाइन कशी लावायची: कार्डापासून मर्जपर्यंत

इंदूरच्या विजयनगरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात गेल्या काही महिन्यांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून ऐकली. "दादा, सकाळी पाच एजंट लावले, संध्याकाळपर्यंत ऐंशी फायली बदलल्या आणि आता ॲप उघडतच नाहीये." एजंट म्हणजे सांगितलेल्या कामासाठी स्वतः कोड लिहिणारं आणि चालवणारं एआय. कोणत्या एजंटाला काय काम दिलं होतं, असं विचारलं की कळतं, पाचही जणांना एकच लांबलचक प्रॉम्प्ट गेला होता. ही लाइन नव्हे. एका कढईत पाच जणांनी झारे घातले, इतकंच.

लाइन म्हणजे काम एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सरकतं. प्रत्येक टप्प्यात काय येणार आणि त्यातून काय बाहेर पडणार हे आधी ठरलेलं असतं, आणि दोन टप्प्यांच्या मधे ज्याने तो माल बनवला नाही असं कुणीतरी तो तपासतं. क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर यांपैकी काहीही वापरा, फरक फारसा पडत नाही. फरक पडतो तो या मधल्या तपासण्यांनी. खालचा क्रम आम्ही सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्याचं ऑर्डर-बिल-उधारीचं ॲप करताना बसवला. चुकलेल्या गोष्टी आमच्याच आहेत, म्हणून त्याही सांगतो.

## आधी बघा: काम लाइनीचं आहे का?

एकदाच चालवायची स्क्रिप्ट, ग्राहकाला दाखवायचा कच्चा नमुना, एखादा रिपोर्ट, यासाठी एक एजंट आणि तुम्ही, एवढं पुरतं. लाइन परवडते ती एकाच घडणीची वीस-पंचवीस कामं समोर असतात तेव्हा.

कारखान्याच्या ॲपमध्ये अशी चौतीस कामं निघाली. त्यातली पहिली चार आम्ही लाइनीवर घातलीच नाहीत: डेटाबेसची मांडणी, पैशांचा हिशोब करणारं फंक्शन, लॉगिन आणि बिलाला नंबर देण्याची पद्धत. ज्यावर बाकी सगळं उभं राहणार ते एकाच सत्रात, शेजारी बसून, सावकाश केलं. ही चार कामं समांतर चालवणाऱ्यांची दोन-दोन प्रकारची बिल-नंबर पद्धत झालेली मी पाहिली आहे.

## टप्पा १: रेपोची तयारी

रिकाम्या मशीनवर रेपो, म्हणजे ॲपच्या सगळ्या कोडचं फोल्डर, उतरवा आणि एका कमांडने ॲप उभं राहतंय का बघा. राहत नसेल तर एजंट लावू नका. "आधी ती सर्व्हिस चालू करायची असते", "ही फाइल हाताने कॉपी करायची असते" अशा तुमच्या डोक्यातल्या गोष्टी एजंटाला ठाऊक नसतात. शिवाय अडला की तो नेहमी थांबतोच असं नाही, वाट काढतो. आमच्याकडे एकदा डेटाबेस सापडला नाही म्हणून त्याने जोडणीच काढून तिथे खोटा डेटा बसवला. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आत पोकळ.

तीन कमांड पक्क्या हव्यात: ॲप उभं करणं, झटपट टेस्ट, सगळ्या टेस्ट. झटपट टेस्ट दोन मिनिटांच्या आत संपली पाहिजे, कारण ती दर छोट्या बदलानंतर चालणार.

मग सूचनांची फाइल, म्हणजे एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड कोड वापरत असाल तर क्लॉड डॉट एमडी. ती एका पानात बसवा. मी हौसेने तीन पानी लिहिली होती. ती दर सत्रात कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एजंट एका वेळी जे वाचतो त्यात, शिरते, टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल येतं) खाते आणि महत्त्वाचे नियम गर्दीत दिसेनासे होतात. आता आमच्या फाइलीत कमांड आहेत, फोल्डरांचा नकाशा आहे आणि मोजके नियम आहेत. पैसे पूर्णांक पैशांत साठवायचे, रुपयांच्या दशांशात नाही. वजन ग्रॅममध्ये. तारीख भारतीय वेळेची. निघालेल्या बिलाची ओळ बदलायची नाही, दुरुस्ती क्रेडिट नोटने, म्हणजे ग्राहकाच्या खात्यात रक्कम परत जमा दाखवणाऱ्या कागदाने. पैशांचा नियम उगाच नाही. दशांशात ०.१ आणि ०.२ मिळवले की बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत चोख ०.३ येत नाही, दूरवर शेपटीला एक ४ चिकटतो. तो उधारीच्या खात्यात महिनाभर साठला की मुनीम विचारायला येतो.

शेवटी कुलुपं. खऱ्या सर्व्हरची चावी एजंटाच्या हाती द्यायची नाही. तो कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या केलेल्या खोलीत, चालवा आणि मेन ब्रांचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, थेट पुश (बदल चढवणं) बंद ठेवा. टेस्टसाठी खऱ्या दुकानदारांची नावं, फोन नंबर आणि उधाऱ्या वापरू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आहेच, पण सियागंज बाजारातल्या कुणाची किती उधारी आहे हे बाहेर गेलं तर कायद्याआधी बाजारच तुम्हाला विचारेल.

सावध: एजंट जे वाचतो त्यातला बाहेरचा मजकूर, म्हणजे वेबपेज, ग्राहकाचा ईमेल, कुणीतरी टाकलेली तक्रार, त्याला हुकमासारखा वाटू शकतो. "सगळ्या चाव्या या पत्त्यावर पाठव" असं त्यात दडलेलं असेल तर? बाहेरचा मजकूर, गुप्त चाव्या आणि मोकळं इंटरनेट या तिन्ही गोष्टी एकाच एजंटाकडे एका वेळी असता कामा नयेत.

तपासा: रिकामा कंटेनर, एक कमांड, ॲप उभं, टेस्ट हिरव्या. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. आम्हाला दोन दिवस लागले.

## टप्पा २: काम तोडणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आडवं तोडणं: एका एजंटाला टेबलं, दुसऱ्याला एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांच्यातला दुवा), तिसऱ्याला स्क्रीन. तिघेही एकमेकांचं काय असेल याचा अंदाज बांधतात आणि तीन अंदाज जुळत नाहीत. उभं तोडा. एका कार्डात वापरणाऱ्याला दिसेल असं एक काम, टेबलापासून स्क्रीनपर्यंत पूर्ण. "दुकानदार माल परत करतो" हे एक कार्ड. "क्रेडिट नोटचं टेबल" हे कार्ड नाही.

आकाराची माझी मर्यादा अशी: जो डिफ, म्हणजे कोडमधल्या बदललेल्या ओळींची यादी, मी अर्ध्या तासात चहा न घेता नीट वाचू शकतो तेवढाच. आमच्याकडे ते तीनशे ओळींच्या आसपास येतं. कार्ड त्याहून मोठं वाटलं तर लगेच तोडा. एजंट मोठं काम करू शकतो का हा प्रश्नच नाही, तुम्ही ते वाचू शकता का हा आहे.

मग कार्डांचा क्रम. एकाच टेबलाला हात लावणारी दोन कार्डं एका वेळी लाइनीवर सोडायची नाहीत. आम्ही भिंतीवर कागद चिकटवले आणि कोणाचं कशावर अवलंबून आहे त्याचे बाण पेनाने काढले. ऑफिसात हसले सगळे, पण तो कागद अजून तिथेच आहे.

## टप्पा ३: कार्ड लिहिणं

एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे द्या. खरंच निम्मा.

माल परतीचं आमचं पहिलं कार्ड एका ओळीचं होतं: "माल परत आल्यास क्रेडिट नोट काढावी." एजंटाने वीस मिनिटांत सुंदर स्क्रीन केली, टेस्टही त्यानेच लिहिल्या, सगळं हिरवं. कारखान्यात नेलं तर मुनीमजींनी पहिल्याच नोंदीवर बोट ठेवलं. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. परत आलेला माल त्याआधीच्या बिलावरचा होता. क्रेडिट नोट मूळ बिलाशी बांधलेली असते, त्यामुळे दरही त्या बिलाचाच. एजंटाने मात्र दर मालाच्या यादीतून उचलला होता आणि त्या यादीत आता ५ होते. त्याहून वाईट म्हणजे जुनी बिलं पुन्हा छापली तर तीही ५ टक्क्यांची छापली जात होती. कारखान्याचे मालक काका शांतपणे म्हणाले, "हे तर आमच्या मुनीमाला झोपेतही ठाऊक आहे." एजंटाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही कार्डावर लिहिलं नव्हतं.

नंतर लिहिलेलं कार्ड असं:

> कार्ड १७: माल परत
>
> काय हवं: मूळ बिल निवडून त्यातला माल पूर्ण किंवा थोडा परत नोंदवता यावा आणि क्रेडिट नोट निघावी. कराचा दर मूळ बिलाच्या ओळीतून घ्यावा, मालाच्या यादीतून नाही.
>
> काय नको: मूळ बिलात बदल नको. रोख परतावा या कार्डात नाही. स्क्रीनची नवी रंगरंगोटी नको.
>
> उदाहरण १: १८ सप्टेंबर २०२५ चं बिल, पाकीटबंद शेव १० किलो, २४० रुपये किलो, कर १२ टक्के. ६ ऑक्टोबरला २ किलो परत. क्रेडिट नोट ४८० रुपये अधिक कर ५७.६० रुपये.
>
> उदाहरण २: त्याच बिलात सुटी शेव ५ टक्क्यांनी. परत आली तर ५ टक्केच.
>
> उदाहरण ३: १० किलोच्या ओळीवर आधी ६ किलो परत, मग ५ किलो परत. दुसरी नोंद नाकारावी, उरलेले ४ किलो दाखवावेत.
>
> उदाहरण ४: गुजरातच्या दुकानदाराचं बिल, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा कर) लागलेला. क्रेडिट नोटमध्येही आयजीएसटीच, केंद्र-राज्य अशी विभागणी नको.
>
> हात लावायचा: फक्त परतावा आणि क्रेडिट नोट या दोन फोल्डरांना. पैशांच्या फंक्शनाला नाही.

या उदाहरणांतले आकडे खरे, हाताने मोजलेले असू द्या. उदाहरण १ मध्ये चुकीचा दर लागला तर कर २४ रुपये येतो, म्हणजे आकडा बघताच चूक दिसते. "योग्य कर लावावा" असं लिहिलं असतं तर ती दिसली नसती.

कार्ड लिहून झालं की एजंटाला कोड लिहायला सांगू नका. आधी सांगा: "हे कार्ड वाच, रेपो बघ, आणि ज्याचं उत्तर इथे नाही असे प्रश्न विचार. कोड लिहू नकोस." या कार्डावर सात प्रश्न आले. त्यातले पाच किरकोळ होते. सहावा होता, परत आलेला माल साठ्यात वाढवायचा का? आम्ही सगळे "हो, अर्थातच" म्हणणार होतो. काकांना फोन केला तर ते उडालेच. "अरे भिया, परत आलेली शेव परत विकतो की काय आम्ही? ती नासाडीच्या वहीत जाते." तिथे कार्ड बदललं, नासाडीची नोंद त्यात आली.

प्रश्नांची उत्तरं चॅटमध्ये देऊन सोडू नका, कार्डातच लिहा. चॅट पुढच्या टप्प्यावर जात नाही, कार्ड जातं.

तपासा: कार्ड कोड न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. आमच्याकडे ते मुनीमजी वाचतात. त्यांना उदाहरण कळलं नाही तर एजंटालाही कळणार नाही असं धरून चाला.

## टप्पा ४: टेस्ट आधी, वेगळ्या हाताने

जो एजंट कोड लिहिणार त्याने स्वतःच्या टेस्ट लिहायच्या नाहीत. एकाच सत्रात दोन्ही झालं की त्याची समजूत चुकली तर टेस्टही त्याच चुकीच्या समजुतीने लिहिल्या जातात आणि दोघांचं छान जुळतं. माल परतीच्या आमच्या त्या एका ओळीच्या कार्डाचं हेच झालं होतं.

नवं सत्र उघडा, त्याला फक्त कार्ड आणि टेस्टचं फोल्डर द्या, प्रत्येक उदाहरणाची टेस्ट लिहून घ्या. मग त्या चालवा. सगळ्या लाल आल्या पाहिजेत, आणि लाल येण्याचं कारण "हे काम अजून झालेलं नाही" हेच असलं पाहिजे. टायपिंगच्या चुकीने लाल आलेली टेस्ट मोजू नका. एखादी आधीच हिरवी असेल तर ती काहीच तपासत नाहीये, किंवा ते काम आधी कुणीतरी केलंय.

टेस्ट तुम्ही स्वतः वाचा. सबंध लाइनीत माणसाने वाचलीच पाहिजे अशी ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे कार्ड.

मग कुलूप. बांधणाऱ्या एजंटाला टेस्टचं फोल्डर फक्त वाचायला द्या, आणि त्या ब्रांचमध्ये टेस्टची फाइल बदलली असेल तर सीआयमध्ये, म्हणजे दर बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत, डिफ अडवा. टेस्ट जमली नाही की ती सैल करणं, वगळणं, किंवा ५७.६० हा आकडाच कोडात लिहून मोकळं होणं, हे तिन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. तिसरा पकडायला प्रत्येक नियमासाठी एक जास्तीचं उदाहरण ठेवा, जे कार्डावर नाही आणि बांधणाऱ्याला दिसत नाही.

## टप्पा ५: बांधणी

प्रत्येक कार्डाला नवं सत्र आणि नवी गिट वर्कट्री, म्हणजे त्याच रेपोची वेगळ्या फोल्डरात उघडलेली प्रत (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). जुन्या सत्रातच "आता पुढचं कर" असं म्हणायचा मोह होतो, पण मागच्या कार्डाच्या अर्धवट कल्पना नव्या कामात झिरपतात. एजंटाला फक्त कार्ड, सूचनांची फाइल आणि लाल टेस्ट द्या. आधी दहा-बारा ओळींची योजना मागा, ती वाचा, मग होकार द्या. योजनेत "पैशांचं फंक्शन थोडं सुधारतो" असं दिसलं तर तिथेच थांबवा.

वर्कट्रीने फायली वेगळ्या होतात, बाकी काही नाही. हे न कळल्याने आमची एक दुपार वाया गेली. दोन एजंट दोन वर्कट्रींत निवांत काम करत होते, पण डेटाबेस एकच होता. एकाने टेबल बदललं, दुसऱ्याच्या टेस्ट कोसळल्या, आणि त्याने इमानदारीने स्वतःचा चांगला कोड "दुरुस्त" करायला घेतला. म्हणून प्रत्येक वर्कट्रीला वेगळा डेटाबेस, वेगळा पोर्ट. गिटमध्ये नसलेल्या फायली, म्हणजे सेटिंगची फाइल आणि उतरवलेली पॅकेजेस, नव्या वर्कट्रीत आपोआप येत नाहीत, तीही उभं करायच्या कमांडमध्ये घाला. मायग्रेशनना, म्हणजे डेटाबेसची मांडणी बदलणाऱ्या फायलींना, ओळीने नंबर देत असाल तर दोघेही चौदावा नंबरच घेणार हे आत्ताच धरून ठेवा. आम्ही नंबराऐवजी तारीख-वेळ लावतो.

थांबण्याचा नियमही आधीच ठरवा. पिथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात माझा मावसभाऊ लाइनीवर आहे. पाना नीट बसला नाही तर तो गाडी पुढे ढकलत नाही, दोरी ओढून माणूस बोलावतो. एजंटाला तशी दोरी द्या: "एकच टेस्ट तीन प्रयत्नांत हिरवी झाली नाही तर थांब, काय करून पाहिलंस आणि कुठे अडलास ते कार्डाखाली लिही." हे वाक्य नसेल तर तो तीस प्रयत्न करेल. दर प्रयत्नाला वाढत गेलेला कॉन्टेक्स्ट पुन्हा वाचला जातो, बिल चढतं, आणि शेवटी हाताशी येतो तो ठिगळांचा कोड.

सावध: सुरुवातीला एका वेळी एकच कार्ड बांधणीत. पाच कार्डं विनाअपघात गेली की दोन. मी अजून तीनच्या वर गेलेलो नाही, त्याचं कारण टप्पा ७ मध्ये येईल.

## टप्पा ६: यंत्राची चाळणी

इथे एजंट नको, साध्या कमांड हव्यात: लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका पकडणारं), टाइप तपासणी, सगळ्या टेस्ट, गुप्त चाव्या शोधणारं स्कॅन, परवानगीबाहेरच्या फायलींना हात लागलाय का, डिफ मर्यादेत आहे का. काही लाल आलं तर कार्ड मागच्या टप्प्यावर परत जातं. "मी सगळ्या टेस्ट चालवल्या, सगळं व्यवस्थित आहे" हे एजंटाचं वाक्य पुरावा म्हणून धरायचं नाही. कमांड तुमच्या सीआयने चालवायची.

नवं पॅकेज आलं असेल तर ते हाताने तपासा. मॉडेलं कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव पूर्ण विश्वासाने लिहितात, आणि अशी नावं आधीच नोंदवून त्यात विषारी कोड ठेवणारे लोक आहेत. आमचा नियम कडक आहे: कार्डावर परवानगी नसेल तर नवं पॅकेज नाही.

काकांच्या कारखान्यात तळलेली शेव आधी मोठ्या परातींत पसरून गार होऊ देतात. घाई करून गरमच पाकिटात भरली तर आत वाफ धरते आणि चार दिवसांत शेव मऊ पडते, मग भरणाऱ्याने कितीही चांगलं सील लावलेलं असो. न चाळलेला कोड रिव्ह्यूला पाठवणाऱ्यांना मी हेच सांगतो.

## टप्पा ७: रिव्ह्यू, आधी एजंटाचा मग माणसाचा

रिव्ह्यू करणारा एजंट नव्या सत्रात उघडा. जमलं तर मॉडेलही दुसरं घ्या. त्याला कार्ड आणि डिफ द्या, बांधणाऱ्याने लिहिलेलं स्पष्टीकरण देऊ नका. ते इतकं पटेल असं लिहिलेलं असतं की वाचणारा, माणूस असो वा मॉडेल, मान डोलावतो. "कोड कसा वाटतो?" असंही विचारू नका. विचारा: "कार्डावरची कोणती ओळ पूर्ण झालेली नाही? ती मोडणारा इनपुट दे." इनपुट दिला तर तो चालवून बघता येतो. नुसत्या "इथे सुधारणेला वाव आहे" छापाच्या टिपा सोडून द्या. रिव्ह्यू मागितला की एजंट काहीतरी शोधणारच, आणि तुम्ही प्रत्येक टिपेमागे धावलात तर कार्ड कधीच संपणार नाही.

मग तुम्ही. सगळ्या ओळींवर सारखी नजर टाकू नका. पैसे, परवानग्या, काही पुसलं जातंय का, आणि मायग्रेशन, या चार जागा ओळ न ओळ वाचा. बाकी भरभर. कार्ड १७ मध्ये रिव्ह्यू एजंटाने काही पकडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना दिसलं की दोघांनी एकाच क्षणी एकाच बिलावर परतावा नोंदवला तर उदाहरण ३ चा अडथळा ओलांडला जातो, कारण उरलेलं वजन आधी वाचलं जात होतं आणि नोंद नंतर होत होती, मधे कुलूप नव्हतं. कारखान्यात दोन संगणक आहेत, म्हणजे हे होणारच होतं.

हाच टप्पा सबंध लाइनीचा वेग ठरवतो. मी दिवसाला नीट पाच डिफ वाचू शकतो. रांगेत पंधरा साचले तर शेवटच्याला तीन दिवस थांबावं लागतं. तोवर मेन ब्रांच पुढे गेलेली असते आणि त्या डिफवर पुन्हा काम करावं लागतं. म्हणून आमचा नियम: रिव्ह्यूच्या रांगेत चार असतील तर नवं कार्ड बांधणीला जात नाही, एजंट रिकामे बसले तरी चालतील. रिकामा एजंट पगार मागत नाही.

## टप्पा ८: मर्ज, एका वेळी एक

दोन ब्रांच वेगवेगळ्या हिरव्या असतात आणि एकत्र केल्या की लाल होतात. आमच्याकडे एका कार्डाने फंक्शनचं नाव बदललं होतं आणि दुसऱ्याने जुन्या नावाने त्याला नवी हाक मारली होती. गिटला त्यात काहीच भांडण दिसलं नाही. क्रम असा ठेवा: एक ब्रांच ताज्या मेनवर आणा, सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा, हिरवं असेल तर मर्ज करा, म्हणजे मेनमध्ये मिसळा, मगच दुसरी घ्या. भांडण निघालं तर ते एजंटाकडून सोडवून घ्यायला हरकत नाही, पण सोडवलेला डिफ पुन्हा टप्पा ६ पासून चालतो. हा फेरा वाचवायला जाऊ नका.

## लाइन अडली तर कुठे बघायचं

माल खराब निघाला की लोक तो माल दुरुस्त करतात. डिफमध्ये हात घालून चार ओळी बदलतात आणि पुढे जातात. मग तीच चूक पुढच्या कार्डात परत येते. आम्ही एक साधी वही ठेवली आहे: कार्ड नंबर, कुठल्या टप्प्यावरून परत आलं, का. आठवड्याने वाचली की कारण दिसतं. एकच चूक दोनदा आली तर सूचनांच्या फाइलीत एक ओळ वाढते आणि कामाची नसलेली एक ओळ निघते. प्रश्नच न विचारता एजंट चुकीचं बांधत असेल तर दोष टप्पा ३ मध्ये आहे. टेस्ट हिरव्या आणि ग्राहक नाराज असेल तर टप्पा ४ मध्ये. तीन-तीन प्रयत्नांनंतर दोरी ओढली जात असेल तर बहुधा कार्ड मोठं आहे.

मधल्या तपासण्या "थोड्या वेळासाठी" बंद करणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा. सहा टप्पे, प्रत्येक शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर, मधे कुठेच चाळणी नाही. शेवटी पूर्ण बरोबर निघणारी कामं शंभरात त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच. प्रत्येक टप्पा एकटा बघितला तर मात्र उत्तमच वाटतो.

## पहिला आठवडा

सोमवार-मंगळवार रेपोची तयारी. बुधवारी पाच कार्डं लिहा आणि त्यातली सगळ्यात कंटाळवाणी दोन निवडा, ज्यांचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे अशी. गुरुवार-शुक्रवारी ती दोनच कार्डं लाइनीवरून न्या, एका वेळी एक. वेळ नेहमीपेक्षा जास्त लागेल. दुसऱ्या आठवड्यातही कदाचित.

शनिवारी, ॲप कुणी वापरत नसताना, एक मर्ज मुद्दाम उलटा फिरवून बघा. गिट रिव्हर्टने कोड मागे जातो, डेटाबेस जात नाही. कार्ड १७ उलटं फिरवलं तेव्हा नासाडीचं टेबल तसंच उरलं, त्यात दोन नोंदीही होत्या, आणि जुना कोड ते टेबल ओळखत नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक कार्डावर शेवटची एक ओळ वाढली: "उलटं फिरवायचं झालं तर डेटाचं काय करायचं."